ग्रेड झालेलं जुनं सोन्याचं नाणं: भाव रास्त आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

पारदर्शक डबीत बंद नाणं, वर लेबल, लेबलावर एक आकडा आणि शेजारी विक्रेत्याचा भाव. नवा माणूस आकडा वाचतो, भाव वाचतो आणि नाणं बघायचंच विसरतो. नाणी घ्यायला नुकतीच सुरुवात केलेले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही लांब आहेत, काही दोन ओळींची. प्रश्नच तसे आहेत.

रास्त भाव म्हणजे नेमका कुठला भाव?

एकाच नाण्याला एकाच दिवशी निदान तीन भाव असतात. वितळवलं तर येईल तो मोडीचा भाव. विक्रेता तुमच्याकडून घेईल तो खरेदीचा भाव. आणि तोच विक्रेता तुम्हाला देईल तो विक्रीचा भाव. तिन्ही आपापल्या जागी खरे असतात. त्यामुळे रास्त भाव हा एक आकडा नसतो, तो पट्टा असतो: तेच नाणं, तेच वर्ष, तीच टांकसाळ, तोच ग्रेड, आणि गेल्या वर्ष-दीड वर्षात लोकांनी त्यासाठी खरोखर मोजलेले पैसे.

मी मनात भावाचे थर पाडतो. तळाला सोनं. त्यावर त्या प्रकाराच्या नाण्याला नेहमी मिळणारं थोडं जास्तीचं मोल. मग वर्ष आणि टांकसाळ यांची दुर्मिळता. मग दर्जा. आणि सगळ्यात वर विक्रेत्याने सांगितलेली गोष्ट: ‘जुन्या संग्रहातलं’, ‘असं पुन्हा मिळणार नाही’ वगैरे. विकायला जाल तेव्हा सोनं जवळजवळ पूर्ण परत मिळतं, मधले थर कमी-जास्त मिळतात, गोष्टीचे पैसे मात्र कोणी देत नाही. जुन्या संग्रहाचा लिलावातला छापील उल्लेख किंवा लेबलावर नाव असेल तर गोष्ट वेगळी. तो पुरावा झाला.

मोडीचा भाव घरबसल्या कसा काढायचा?

वजन गुणिले शुद्धता गुणिले त्या दिवसाचा सोन्याचा भाव. जुन्या नाण्यांचं वजन आणि कस कायद्याने ठरलेला होता, त्यामुळे अंदाज बांधावा लागत नाही. ब्रिटिश सॉव्हरिन ७.९८८ ग्रॅमचं आणि २२ कॅरटचं, म्हणजे त्यात शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. अमेरिकेचं २० डॉलरचं डबल ईगल ३३.४३६ ग्रॅमचं, ९०० कसाचं, शुद्ध सोनं ३०.०९ ग्रॅम. फ्रान्सचं २० फ्रँकचं ६.४५ ग्रॅमचं, तेही ९०० कसाचं, शुद्ध सोनं ५.८१ ग्रॅम.

जागतिक बाजारात सोन्याचा भाव ट्रॉय औंसात सांगतात. हा औंस ३१.१०३५ ग्रॅमचा असतो, किराणा मालाचा २८.३५ ग्रॅमचा नव्हे. या एका गफलतीने हिशोब जवळपास दहा टक्क्यांनी चुकतो आणि महाग नाणं स्वस्त वाटायला लागतं.

झिजलेल्या नाण्याचं वजन थोडं कमी भरतं, पण फार नाही. सॉव्हरिन ७.९३८ ग्रॅमच्या खाली गेलं की ते चलनातून बाद धरलं जाई. म्हणजे अधिकृत घट अर्ध्या-पाऊण टक्क्याच्या आसपासच. याहून बरंच हलकं भरलं तर झीज सोडून दुसरी कारणं शोधायला लागा.

लेबलावरचा आकडा कशाचा?

१ ते ७० ही मोजपट्टी अमेरिकी नाणेअभ्यासक विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली मांडली, तीही सोन्यासाठी नव्हे, अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या मोठ्या सेंटसाठी. मूळ कल्पना अशी की ७० दर्जाचं नाणं १ दर्जाच्या नाण्याच्या सत्तरपट किमतीचं. म्हणजे आज ज्याला आपण दर्जा म्हणतो, ती जन्मतः भावाचीच पट्टी होती! किमतीचं ते गणित लवकरच मोडलं, आकडे तेवढे उरले.

आज ६० ते ७० म्हणजे ‘एमएस’, टांकसाळीतून निघाल्यावर वापरात न आलेलं नाणं. ५० ते ५८ म्हणजे ‘एयू’, उंच भागांवर किंचित झीज. ४० आणि ४५ ‘एक्सएफ’, त्याखाली ‘व्हीएफ’ आणि पुढे उतरत जाणारे दर्जे. डबीत बंद करून ग्रेड देण्याचा आजचा प्रकार पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकी ग्रेडिंग संस्थांनी अनुक्रमे १९८६ आणि १९८७ मध्ये रुजवला. नाणं अस्सल आहे याची हमी आणि दर्जाबद्दल तज्ज्ञांचं मत, या दोन गोष्टी त्या डबीत असतात. पहिल्यावर विसंबा. दुसरं शेवटी मतच आहे; तेच नाणं डबीतून काढून पुन्हा पाठवलं तर आकडा एखाद्या अंकाने सरकू शकतो, आणि हे उद्योग करणारे लोक आहेत.

एका अंकाच्या फरकाने भाव दुप्पट कसा होतो?

कारण वर जाल तशी नाणी संपत जातात आणि घेणारे तेवढेच राहतात. समजण्यासाठी एक काल्पनिक शिडी घेऊ. मोडीचा भाव १०० धरला, तर एखादं सामान्य डबल ईगल एमएस ६२ ला ११०, ६३ ला ११५, ६४ ला १३० आणि ६५ ला २३० असं असू शकतं. आकडे माझ्या मनचे आहेत, चढण मात्र बाजारात दिसते तशीच.

या शिडीवर ६२ आणि ६३ मध्ये ग्रेडिंग चुकलं तरी तुमचे पाच गेले. ६४ आणि ६५ मध्ये चुकलं तर शंभर. म्हणून कड्याच्या तोंडाशी असलेलं नाणं घेताना सगळा संशय तिथे खर्च करावा. रडतखडत ६५ मिळालेलं नाणं ६५ च्या पूर्ण भावात घेण्यापेक्षा दणदणीत ६४ थोडे जास्त पैसे देऊन घेणं मला नेहमीच पटत आलं आहे. सीएसी नावाची संस्था २००७ पासून नेमकं हेच तपासते: दर्जाला घट्ट बसणाऱ्या नाण्याच्या डबीवर हिरवं स्टिकर, आणि दर्जा कमी मिळाला आहे असं वाटलं तर सोनेरी. स्टिकरचे जास्त पैसे पडतात, पण विकताना ते बऱ्यापैकी परत येतात. मात्र स्टिकर नाही म्हणजे नाणं वाईट, असं नाही. ते तिकडे कधी पाठवलंच नसेल.

‘डीटेल्स’ लिहिलेलं नाणं स्वस्त मिळतंय. घेऊ का?

नाण्यात काही दोष असला की आकड्याऐवजी लेबलावर ‘डीटेल्स’ लिहितात. आधी डीटेल्स कशामुळे ते वाचा. घासून साफ केलेलं, कड तासलेलं, दागिन्यातून काढलेलं, खरडून नवं कोरलेलं, अशी कारणं लेबलावर दिलेली असतात. सोन्याच्या नाण्यांना दागिन्याचा शाप फार: कुणीतरी कधीतरी लटकन केलेलं असतं आणि कडेला झाळकामाची खूण राहते. असं नाणं अस्सल असतं, वजनालाही बहुतेक ठीक असतं, पण ‘एयू डीटेल्स’चा भाव ‘एयू’च्या भावावरून काढू नका. सामान्य प्रकार असेल तर मोडीच्या भावाच्या आसपास राहा. प्रकारच दुर्मिळ असेल तर तशाच दोषाच्या नाण्यांचे जुने लिलाव शोधा. आणि हे ध्यानात असू द्या की विकताना गिऱ्हाईक मिळायला वेळ लागतो.

डबीतल्या नाण्यात मी काय बघणार? तज्ज्ञांनी बघितलंय की.

बघा, आणि हातात धरून बघा. खोलीतले दिवे बंद करून एकच टेबललॅम्प लावा, डबी त्याखाली धरा आणि हळूहळू कलती करा. न वापरलेल्या नाण्यावर उजेडाचा पट्टा मधल्या बिंदूभोवती चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. कुठेही न तुटता फिरला तर झळाळी शाबूत. उंच भागावर येऊन तो विझला, तर तिथे झीज आहे. सॉव्हरिनवर सेंट जॉर्जचं शिरस्त्राण आणि घोड्याची छाती बघायची. सेंट-गॉडन्स या शिल्पकाराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या डबल ईगलवर स्वातंत्र्यदेवीचा गुडघा आणि छाती, मागच्या बाजूला गरुडाच्या पंखाची वरची कड.

मग मोकळी, सपाट जागा बघा. चेहऱ्यासमोरच्या रिकाम्या भागात केसासारख्या बारीक समांतर रेघा दिसल्या तर कुणीतरी कापडाने पुसलं आहे. लहानमोठे ठोके वेगळे. थैलीत नाण्यावर नाणं आपटून ते पडतात आणि मोठ्या नाण्यांना ते असायचेच. पण ठोका गालावर आहे की केसांत, याने भाव बदलतो. गालावरचा एक ठोका केसांतल्या पाचांपेक्षा जास्त डोळ्यात भरतो, आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्याही भरणार.

तांबूस ठिपके दिसले तर घाबरू नका. ते मिश्रधातूतल्या तांब्याचे असतात. काहींना ते चालतात, काहींना अजिबात नाही, म्हणून किंचित सूट मागायला हरकत नाही. काळजी करायची ती अनैसर्गिक, मऊसर, धुकं साचल्यासारख्या पृष्ठभागाची. ओरखडे लपवायला लेप चोळण्याचे प्रकार सोन्याच्या नाण्यांवर झालेले आहेत आणि असा लेप काही वर्षांनी डबीतच उमटायला लागतो.

फोटोवरून घ्यायचं असेल तर तिरप्या उजेडातला फोटो किंवा छोटा व्हिडिओ मागा. मी एकदा अगदी गुळगुळीत दिसणारं नाणं फोटोवरून घेतलं आणि दिव्याखाली धरताच रेघांचं जाळं निघालं. फोटो खोटा नव्हता. उजेड मऊ होता, एवढंच.

पॉप्युलेशन रिपोर्टमध्ये ‘या दर्जाची फक्त ९’ असं आहे. मग महाग असणारच ना?

पॉप्युलेशन रिपोर्ट म्हणजे ग्रेडिंग संस्थेने कुठल्या दर्जाची किती नाणी नोंदली याची यादी. फक्त नऊ म्हणजे त्या संस्थेकडून तो दर्जा मिळालेली नोंद नऊ. आधी बघायचं की त्याच्या वर किती आणि खाली किती. खाली चार हजार असतील तर नाणं दुर्मिळ नाही, दर्जा दुर्मिळ आहे. दर्जाची दुर्मिळता उद्या कुणी चांगली नाणी पाठवली की पातळ होते. दुसरं, डबी फोडून पुन्हा पाठवलेल्या नाण्याची जुनी नोंद कळवली नाही तर ते एकच नाणं दोनदा मोजलं जातं. म्हणून आकडा वरच्या बाजूलाही चुकतो.

आणि समुद्र, जमीन, बँकांच्या तिजोऱ्या कधी काय बाहेर काढतील ते सांगता येत नाही. एसएस सेंट्रल अमेरिका हे जहाज १८५७ साली कॅलिफोर्नियाचं सोनं घेऊन बुडालं. १९८८ पासून त्यातला माल वर आला, तेव्हा सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीची १८५७ ची पाच हजारांहून जास्त डबल ईगल मिळाली, तीही झळाळी असलेली. तोवर त्या वर्षाचं कोरं नाणं मिळणं अवघड होतं. नंतर ते त्या काळच्या प्रकाराचं सगळ्यात सहज मिळणारं कोरं नाणं झालं.

मग दुर्मिळता टांकसाळीच्या आकड्यांवरून ठरवायची?

तेवढ्यावर नाही. किती पाडली याला महत्त्व कमी, किती उरली याला जास्त. डेन्व्हर टांकसाळीने १९२७ मध्ये १,८०,००० डबल ईगल पाडली. आज जेमतेम डझनभर ठाऊक आहेत. १९३३ ची ४,४५,५०० पाडली, ती बाहेर येण्याआधीच अमेरिकेने सोन्याचं चलन बंद केलं आणि जवळजवळ सगळी वितळवली. लंडनच्या १९१७ च्या सॉव्हरिनचं तेच झालं: दहा लाखांवर पाडलेली नाणी बहुतेक सगळी परदेशी गेली आणि वितळली.

या १९१७ च्या सॉव्हरिनवर थोडं थांबतो, कारण यात लोक हमखास फसतात. त्याच वर्षी सिडनी, मेलबर्न, पर्थ वगैरे टांकसाळींनीही सॉव्हरिन पाडली आणि ती भरपूर मिळतात. फरक एका बारीक अक्षराचा. घोड्याच्या पायांखाली जमिनीची रेघ आहे, तिच्यावर मध्यभागी, तारखेच्या बरोबर वर टांकसाळीचं अक्षर असतं: एस, एम, पी, सी, पुढे १९१८ च्या मुंबईच्या नाण्यांवर आय. लंडनला अक्षरच नाही. म्हणजे इथे सगळा भाव एका न दिसणाऱ्या गोष्टीवर उभा आहे, आणि अक्षर खरडून काढणं फार अवघड काम नाही. डबीबाहेरचं १९१७ चं लंडन सॉव्हरिन कुणी देऊ केलं तर मी भाव विचारत नाही.

छापील किंमत-यादी मानायची की लिलावातले भाव?

लिलावातले. यादीतला आकडा हा बहुतेक वेळा विक्रेत्याने मागावा असा भाव असतो आणि बाजार उतरताना तो उतरायला वेळ लावतो. पीसीजीएस आणि एनजीसी दोघांच्याही याद्या फुकट बघता येतात, पण मी त्या शिडीचा आकार कळावा म्हणून बघतो: कुठल्या दर्जाला कडा आहे, एवढंच.

लिलावाच्या जुन्या नोंदी हेरिटेजसारख्या मोठ्या लिलावगृहांच्या संग्रहात मिळतात. एकच विक्री धरून बसू नका, पाच-सहा बघा. सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची बाजूला ठेवा. वरची बहुधा दोन हट्टी माणसांच्या झगड्यातून आलेली असते, खालची एखाद्या मरगळलेल्या दुपारची. राहिलेल्यांचे फोटो उघडून आपलं नाणं त्यांच्यात कुठे बसतं ते बघा.

दोन गोष्टी मात्र जुळवून घ्याव्या लागतात. पहिली, त्या दिवशी सोनं कितीला होतं. दोन वर्षांपूर्वीच्या विक्रीतून तेव्हाचा मोडीचा भाव वजा करा, उरेल ते जास्तीचं मोल, आणि ते आजच्या मोडीच्या भावात मिळवा. अचूक नाही, पण जुना आकडा जसाच्या तसा वापरण्यापेक्षा पुष्कळ बरं.

दुसरी, खरेदीदाराचं शुल्क. बोली १०० वर थांबली आणि शुल्क २० टक्के असलं तर देणाऱ्याचे १२० गेले. विकणाऱ्याच्या हातात दलाली कापून कदाचित ९० आले. नोंदींमध्ये बहुधा १२० दिसतात. म्हणून ‘लिलावात १२० ला जातं’ हे वाक्य ऐकलं की लक्षात घ्या, विकणाऱ्याला ९० मिळत होते; त्याने तुम्हाला थेट १०५ ला दिलं तरी दोघांचं भलं. माझ्या पहिल्या ऑनलाइन बोलीत मी ठरवलेल्या मर्यादेपर्यंत ऐटीत गेलो, जिंकलो, आणि बिलात शुल्क, विमा, टपाल बघून गप्प बसलो. मर्यादा सगळं धरून ठरवायची असते.

सोनं वाढलं की नाण्याचा भावही त्याच प्रमाणात वाढतो का?

सामान्य नाण्याचा जवळपास तसा वाढतो, दुर्मिळ नाण्याचा नाही. ज्याच्या भावात सोनं दहावा हिस्साच आहे, त्याला सोन्याच्या चढउताराशी फारसं देणंघेणं नसतं. उलट सोनं झपाट्याने चढतं तेव्हा सामान्य नाण्यांवरचं जास्तीचं मोल आकसतं: लोक विकायला काढतात, विक्रेत्यांकडे ढीग लागतो, आणि ६२ व ६३ यांच्यात नावापुरता फरक उरतो. असा काळ चांगल्या दर्जाचं नाणं घ्यायला वाईट नसतो, कारण एका अंकासाठी थोडेच जास्त पडतात.

वजन बरोबर, आकार बरोबर. म्हणजे खरं?

नाही. शिशावर मुलामा दिलेली नकल वजनात पकडली जाते, कारण शिसं सोन्याहून बरंच हलकं असतं. पण खऱ्या सोन्यातच पाडलेली नकली नाणी वजनात पकडली जात नाहीत. सॉव्हरिनच्या अशा नकला विसाव्या शतकाच्या मध्याला मध्यपूर्वेत भरपूर पाडल्या गेल्या. १९०७ च्या हाय रिलीफ (जास्त उठावाच्या) डबल ईगलच्या काही नकलांवर तर करणाऱ्याने गरुडाच्या नखांत ग्रीक ओमेगा अक्षर खुणेसाठी कोरून ठेवलं; कारागिरी इतकी सफाईदार की त्या बराच काळ खपल्या.

याखेरीज एक प्रकार असा की नाणं नकली नाही, पण जुनंही नाही. ऑस्ट्रियाची १९१५ सालची ‘डुकॅट’ ही सोन्याची नाणी तिथली टांकसाळ पुढेही तीच तारीख टाकून पाडत राहिली. १९०७ ते १९१४ तारखांच्या कोंबडा-छाप फ्रेंच २० फ्रँक नाण्यांपैकी बरीच १९५० च्या दशकात पुन्हा पाडलेली आहेत. यांना सोन्याचा भाव द्या, प्राचीनतेचा नको.

डबीसुद्धा खोटी असू शकते?

असू शकते. लेबलावरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाका. पण ‘क्रमांक सापडला’ एवढ्यावर थांबू नका, कारण खोट्या डबीवर खऱ्या नाण्याचा क्रमांक छापलेला असतो. तिथे फोटो असेल तर ओरखडा न् ओरखडा जुळवा.

खूप प्राचीन सोन्याच्या नाण्यांना हेच नियम?

अर्धेच. रोमन ऑरियस किंवा सुमारे साडेचार ग्रॅमचा बायझंटाईन सॉलिडस हाताने ठोकून पाडलेला असतो; छाप मध्यभागी बसली का, चेहरा पूर्ण आला का, यावर भाव हलतो. एनजीसी अशा नाण्यांना दर्जाशिवाय छाप आणि पृष्ठभाग यांना पाचपैकी गुण देते. ‘एमएस, छाप ३, पृष्ठभाग २’ हे नाणं ‘एक्सएफ, ५, ५’ पेक्षा स्वस्त असू शकतं, आणि असावंही. शिवाय प्राचीन नाण्यांच्या अस्सलपणाची हमी एनजीसी देत नाही, फक्त मत देते. म्हणून इथे जुन्या लिलावातला उल्लेख आणि कायदेशीर मालकीचे कागद यांना खरंच पैसे मोजावेत.

डबीबाहेरचं स्वस्त घेऊन मी स्वतः ग्रेड करून घेतलं तर?

शुल्क, दोन्ही बाजूंचं टपाल, विमा आणि ‘डीटेल्स’ येण्याची शक्यता, एवढं धरून जमत असेल तर करा. बहुतेक सामान्य नाण्यांचं जमत नाही. विकणाऱ्याने आधीच डबी का नाही करून घेतली, याचं उत्तर पुष्कळदा ‘करून बघितली होती’ असं असतं.

घासाघीस कशी करायची?

अमुक टक्के कमी करा, असं म्हणू नका. तीन विक्रींच्या तारखा आणि भाव दाखवा आणि आपला आकडा सांगा. मग एकच विचारा: हेच नाणं मी सहा महिन्यांनी परत आणलं तर कितीला घ्याल? चांगला विक्रेता तिथल्या तिथे आकडा सांगतो.